नमाजच्या वेळी आत कोण असतं?

“नमाज के टाइम अंदर कौन रहता? बोलो ना… वोइच एक परब रहता.”

हे वाक्य मी दुधी काचेच्या अलीकडे बसून ऐकलं. बोलणारे आमचे मॅनेजर हाशिमसर, मूळचे हैदराबादचे. ऐकणारा होता नेटवर्क तपासायला बाहेरून बोलावलेला माणूस. दोघं माझ्यापासून सहा-सात फुटांवर, सर्व्हरच्या रॅकपाशी उभे होते. माझ्या हातात बिस्कीट होतं. ते मी तसंच धरून ठेवलं, कारण चावलं असतं तर पलीकडे आवाज गेला असता.

आधीच सांगते – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आईच्या ग्रुपवर असे अनुभव येतात, ती मोठ्याने वाचते आणि मी हेडफोन लावते. हा अनुभव लिही म्हणून तिनेच मागे लागून लिहायला लावला. माझा जन्म रियाधचा, शाळा इथली इंडियन स्कूल, इंग्लिश मीडियम. मराठी फक्त घरातलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

कंपनीचं नाव सांगणार नाही. रियाधच्या ओलाया भागात एका जुन्या टॉवरच्या चौथ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. चौदा माणसं. शहरातल्या बिल्डिंगचे एसी आणि वीज सांभाळणं हे कंपनीचं काम. बायकांसाठी दुधी काच लावून एक कोपरा वेगळा केलाय, त्यात दोन टेबलं आहेत. सध्या बाई एकच – मी. आयटीचं काम मी बघते. म्हणजे प्रिंटर, पासवर्ड आणि “मॅडम, नेट नहीं चल रहा.” मी फार बोलत नाही, त्यामुळे मी तिथे आहे हे लोक विसरतात. मला ते बरंही वाटायचं.

दुपारी बाराच्या सुमारास जोहरची नमाज होते. खाली तळमजल्यावर मशीद आहे. बांग झाली की हाशिमसर “यल्ला, यल्ला” करत सगळ्यांना घेऊन उतरतात, आणि अर्धा तास ऑफिस रिकामं होतं. उरतात परबकाका, पँट्रीत डबा उघडून बसलेले, आणि काचेमागे मी.

परबकाका देवगडकडचे. तीस वर्षं इथे आहेत. आधी साइटवर एसी मेकॅनिक होते, गुडघे गेले तेव्हा कंपनीने ऑफिसात घेतलं. वायरिंग, दिवे, चहा… सगळं तेच बघतात. पहिल्या दिवशी माझं आडनाव वाचून पँट्रीच्या दारातूनच विचारलं, “मराठी मा गो तू?” मी “येस” म्हणाले. त्यावर ते इतके हसले की मलाही हसू आलं. तेव्हापासून रोज एकच प्रश्न, “जेवलंस काय गो?” आणि माझं एकच उत्तर, “हो काका.” आमचं संभाषण म्हणजे एवढंच.

आता मूळ भानगड. आमच्या कामाचं एक पान ऑफिसातल्याच सर्व्हरवर आहे, त्याचं नाव ‘दफ्तर’. ब्राउझरमध्ये दफ्तर टाइप केलं की कुठल्या बिल्डिंगचा एसी बंद पडलाय त्याची यादी येते. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. नाव सांगितलं की नंबर देणारा जो असतो तो डीएनएस. बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे वॉचमनला, “परब कुठे राहतो?” विचारलं की तो “तिसरा मजला, सात नंबर” सांगतो ना, तसाच.

पंधरा दिवसांपासून रोज नमाज संपून लोक वर आले की दफ्तर उघडायचं नाही. सर्व्हर चालू असायचा, केबल ठीक असायच्या. पण प्रत्येक कॉम्प्युटरने कुठलातरी भलताच नंबर लक्षात ठेवलेला असायचा. ते पान दर दोन मिनिटांनी आपोआप नवं होतं, त्यामुळे खुर्चीत माणूस नसला तरी कॉम्प्युटर विचारत राहतो, “दफ्तर कुठे?” आणि नमाजच्या त्या अर्ध्या तासात कुणीतरी त्यांना चुकीचा मजला सांगत होतं. हारिस जागेवर होता. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून दुसराच कोणीतरी बसत होता.

मी रोज टेबलाटेबलाला जाऊन ते चुकलेले नंबर पुसायचे. चौदा टेबलं. तोपर्यंत पाऊण तास जायचा. त्या सोमवारी नेमक्या त्या पाऊण तासात एका डायलिसिस सेंटरचा कॉल आला होता आणि तो कुणालाच दिसला नाही. पेशंट मशीनला लावलेले, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत एसी बंद. कुणाला काही झालं नाही, पण मुदीर – आमचे सौदी मालक – स्वतः ऑफिसात आले. त्यांना नाव हवं होतं. कोण करतंय याचं नाव.

बाहेरून आलेल्या माणसाने एका तासात निदान केलं – “कोणीतरी नमाजच्या वेळी भिंतीत दुसरा राउटर लावतोय आणि नंतर काढून ठेवतोय.” यात काही गूढ नाही. छोट्या ऑफिसात हे नेहमी होतं. घरचा राउटर ऑफिसच्या सॉकेटला जोडला की तो स्वतःला हारिस समजायला लागतो.

आणि परबकाकांनी हे एकदा केलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या खोलीतला एक जण फायनल एक्झिटवर गेला. ते राहतात त्या कामगारांच्या कॅम्पात रीत आहे – कायमचा घरी जाणारा आपल्या वस्तू खोलीतल्यांना वाटून जातो. कुणाला इस्त्री, कुणाला कुकर. काकांच्या वाट्याला एक जुना राउटर आला. चालतो की नाही बघावं म्हणून त्यांनी तो दुपारी ऑफिसच्या सॉकेटला लावला. सगळ्यांचं नेट गेलं. हाशिमसरांनी सगळ्यांसमोर झापलं, राउटर काढून माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, “मॅडम, ये लॉक में डालो.” मी तो माझ्या मागच्या स्टीलच्या कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. त्यानंतर ते कपाट कुणी उघडलं नाही.

हाशिमसर ते साफ विसरले होते. लक्षात राहिलं होतं ते एवढंच – परब आणि राउटर.

“गुरुवार को मुदीर आते. पेपर रेडी रखो उसका,” ते काचेपलीकडे फोनवर कुणालातरी म्हणाले. “इकामा भी इसी महीने खतम होरा. खलास.” इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना.

मंगळवार होता. मी काही बोलले नाही. का, ते प्रामाणिकपणे सांगते. माझं प्रोबेशन चालू होतं, आणि “राउटर तर माझ्या कपाटात आहे” म्हटलं तर पुढचा प्रश्न मलाच आला असता. नमाजच्या वेळी आत असणारी दुसरी व्यक्ती मीच होते.

बुधवारी मी ठरवलं, की खरा राउटर शोधून काढायचा. म्हणजे काका सुटतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

बांग झाली. पावलं जिन्याने खाली गेली. पँट्रीतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी लॅपटॉपवर तपासलं – डीएनएसच्या जागी आमच्या सर्व्हरचा नंबर जाऊन ७७ने संपणारा एक नंबर आला होता. तो आमच्याकडे कुठल्याच मशीनला दिलेला नाही. पण नेटवर्कवर उत्तर देणाऱ्या प्रत्येक डब्याला कारखान्यातून एक बारा अक्षरांचा शिक्का मिळालेला असतो, आणि तो खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. या ७७चा शिक्का मी चिठ्ठीवर उतरवला आणि सगळं ऑफिस पालथं घातलं. टेबलांखाली, फॉल्स सीलिंगच्या फटीत, प्रिंटरच्या मागे पाहिलं. प्रत्येक सॉकेटमध्ये जी केबल हवी तीच होती, जादा एकही नाही.

पँट्रीच्या दारावरून जाताना काका म्हणाले, “काय शोधतंस गो?”

“काही नाही काका.”

“जेवलंस?”

“हो,” म्हटलं. जेवले नव्हते.

मग, आता एवढंच राहिलं म्हणून, मी कपाट उघडलं.

राउटर जिथे ठेवला तिथेच होता. वर धूळ. केबल नाही. पॉवरचा अ‍ॅडॅप्टरसुद्धा नाही – तो काकांनी तेव्हाच कॅम्पात कुणालातरी रेडिओसाठी देऊन टाकला होता. मी तो उलटा केला आणि स्टिकर वाचलं. चिठ्ठी वाचली. पुन्हा स्टिकर.

बाराच्या बारा अक्षरं तीच.

मी खुर्चीत बसले. राउटर मांडीवर घेतला. एकही दिवा लागलेला नाही, हाताला गार. लॅपटॉपवरून ७७ला हाक मारली – पिंग म्हणतात त्याला. उत्तर आलं. परत मारली. परत आलं. एका मिलिसेकंदाच्या आत, म्हणजे अगदी जवळून. मी दोन्ही हातांनी तो डबा घट्ट धरून ठेवला होता आणि स्क्रीनवर ओळीमागून ओळ येत होती… रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय.

इथपर्यंत मी घाबरले नव्हते. खरंच. डोकं कारणं शोधत होतं – कुणीतरी या शिक्क्याची नक्कल केली असेल, तसं करता येतं. मला एवढंच बघायचं होतं की तो दफ्तरचा कुठला नंबर देतोय. विचारलं तर त्याने असा नंबर दिला, जो आमच्या नेटवर्कच्या बाहेरचा. तिथे काही उघडायलाच नको होतं. मी ब्राउझरमध्ये दफ्तर टाइप केलं.

पान उघडलं. आमची यादी नव्हती. एक चित्र होतं.

जुन्या सीसीटीव्हीचं असतं तसं, छताच्या कोपऱ्यातून घेतलेलं, काळपट. एक खोली. भिंतीवर घड्याळ, त्यात बारा वाजून अठरा मिनिटं. माझ्या लॅपटॉपवरही बारा अठराच होते. हिरवट लोखंडी कपाट. दाराच्या चौकटीच्या वर दोन भोकं, शेजारी शेजारी, एकात कापूस कोंबलेला. ही खोली मी आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती.

खोलीत टेबलाशी एक माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून जेवत होता. डावा हात गुडघ्यावर. खांद्यावर चौकड्यांचा पंचा.

मी राउटर टेबलावर ठेवला आणि पँट्रीच्या दारापर्यंत गेले. काका जेवत होते. डावा हात गुडघ्यावर. खांद्यावर चौकड्यांचा पंचा. माझ्या चाहुलीने त्यांनी मान वळवली. “काय गो? बरा वाटणा नाय?”

मी मान हलवली आणि परत धावले. चित्रातला माणूस मान वळवून दाराकडे बघत होता. मग त्याने मान पुढे केली आणि घास घेतला. तेवढ्यात पँट्रीतून खऱ्या डब्याचा आवाज आला.

मी खुर्चीत बसले. आणि तेव्हा मला ते दिसलं. आधी मी बघितलंच नव्हतं, किंवा आधी ते नव्हतंच – मला खात्री नाही. हिरव्या कपाटाच्या बाजूला अजून एक टेबल होतं. त्याच्याशी एक मुलगी नुकतीच येऊन बसली होती. पाठमोरी. समोर लॅपटॉप. ओढणी डाव्या खांद्यावरून घसरलेली.

माझा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला.

तिचाही गेला.

मी ओरडले नाही. मी ओरडत नाही, सवयच नाही. मला एवढंच वाटत होतं की मागे वळून वर बघायचं नाही… माझ्या मागे छताच्या कोपऱ्यात कॅमेरा नाही, आमच्याकडे कधीच नव्हता, तरीही बघायचं नाही. आणि हेही कळत होतं, की मी वळले तर ती मुलगी वळेल, आणि मला तिचा चेहरा दिसेल.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. जिन्यावर पावलं वाजली. पान एकदा पांढरं झालं आणि आमची नेहमीची यादी आली. चौदा कॉल, तीन तातडीचे.

फोटो काढला का? नाही. तुम्ही हसाल हे मला माहीत आहे. दुसरं कुणी सांगितलं असतं तर मीही हेच विचारलं असतं. फोन पर्समध्ये होता, पर्स पायाशी होती, आणि मला सुचलं नाही.

संध्याकाळी सगळे निघाल्यावर मी काकांना गाठलं. ते चहाचे कप धूत होते. चित्राबद्दल सांगायचं धाडस झालं नाही. मी एवढंच विचारलं, “काका, हिरवं लोखंडी कपाट असलेली एक खोली… तुम्ही कधी अशा ठिकाणी काम केलंय का?”

“आमचो बत्थ्यातलो हापीस,” ते लगेच म्हणाले. बत्था म्हणजे रियाधचा जुना बाजारभाग. “ह्याच्या आधीचो. तुका कोणी सांगल्यान?”

“दाराच्या वर दोन भोकं होती?”

नळ चालू राहिला. काकांनी कप खाली ठेवला.

“ता पयला भोक माझ्याच हातान चुकलेला,” ते हळू म्हणाले. “घड्याळाक खिळो मारूचो होतो. दुसऱ्या जाग्यार मारलंय. मगे त्यात कापूस घातलंय, पाल शिरात म्हणान. कोणाक ठाऊक असतला ता? ती बिल्डिंग पाडून सात वर्षां झाली, बाय. आता थय गाड्ये लावतत.”

सात वर्षांपूर्वी मी शाळेत होते.

“आणि तो राउटर? तुमच्या खोलीतल्या माणसाकडे तो कुठून आला?”

“हापीस हलवला तेव्हा जुना सामान आमीच वाटून घेतला. कॅमेरे जोडलेले तो ह्योच डबो, त्याच्याकडे गेलो.” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तू कित्याक विचारतंस? फाल्या गुरुवारी माका बोलावल्यानी हत, ता ठाऊक असा माका. जाऊचा तर जाऊया. गुडघे गेलेच हत. पण तीस वर्षां, गो… आणि गावात जाऊन सांगू काय? चोरून वायरी लावी होतंय म्हणान काढल्यानी?”

मी “गुड नाइट काका” म्हटलं आणि निघाले.

त्यानंतर मी हे एका नेटवर्क इंजिनिअर मित्राला विचारलंय, फक्त राउटरचा भाग. तो म्हणतो नक्कल केलेला शिक्का, दुसरं काही नाही. असेल. पण नक्कल करणारं मशीन कुठे होतं, हे तो सांगू शकत नाही. चित्राचा भाग मी त्याला सांगितलेला नाही. पुढच्या शुक्रवारी मी बाबांना बत्थ्यात गाडी न्यायला लावली. काका म्हणाले होते तिथे खरंच पार्किंग आहे. वाळू, पांढरे पट्टे, उन्हात तापलेले पिकअप. बाबा म्हणाले, “इथे काय बघायचंय?” मी म्हटलं, “नथिंग.” राउटर अजून माझ्या कपाटात आहे. गुरुवारनंतर दफ्तर एकदाही चुकलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलंय, वाचलंय, रात्र रात्र विचार केलाय. माझ्याकडे कारण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, फक्त मला वेड्यात काढू नका.

पण मला खरं सांगायचंय ते गुरुवारचं.

अकरा वाजता हाशिमसरांच्या केबिनमध्ये मुदीर बसले होते. टेबलावर कागद, कागदावर पेन. परबकाका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने बसवलेले, शाळेच्या फोटोला उभं करतात तसे. मला नेटवर्कचा रिपोर्ट द्यायला बोलावलं होतं. मी तो ठेवला. नेहमीप्रमाणे मागे सरकून दाराशी गेले. मुदीर अरबीत काहीतरी म्हणाले. हाशिमसरांनी मान डोलावली आणि काकांकडे बोट केलं. मुदीरांना हिंदी समजतं.

“सर, नमाज के टाइम तो वोइच एक अकेला रहता अंदर. दूसरा कोई रहताइच नहीं.”

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना ठाऊक होतं मी तिथे असते. रोज जेवलंस का विचारणारा माणूस तो. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला त्या काळपट चित्रातली खोली दिसली. तिथे दोघं होते. ज्या कुणी ते चित्र दाखवलं, त्याने दोघांनाही मोजलं होतं.

पेन मुदीरांच्या हातात होतं. मी घराबाहेर कधी मराठीत बोलत नाही. इंग्लिशमध्ये वाक्य तयार केलं होतं, रात्रभर पाठ केलं होतं. तोंड उघडलं तर ते आलंच नाही. जे आलं ते मोठ्याने आलं, एवढ्या मोठ्याने की बाहेरच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं –

“खोटं आहे ते, सर. राउटर माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे असते, आणि काका जेवत असतात. मला माहीत आहे. मी पण असते आत. रोज असते.”